मेणबत्तीचा धडा : मायकेल फॅरडे यांचे जीवनचरित्र

सायंवंदनेच्या वेळी विहारात मेणबत्ती लावली जाते. तिच्या प्रकाशात आपण रोज बसतो; परंतु ती जळते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी स्वतःला विचारला असेल? जळून गेलेले मेण कोठे जाते? मेण संपेपर्यंत वात कशी टिकते? ज्योतीचा पिवळा उजेड येतो तरी कशातून? एकोणिसाव्या शतकात लंडनमधील एका शास्त्रज्ञाने मुलांपुढे उभे राहून असेच प्रश्न मांडले आणि त्यांच्या उत्तरांतून पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र यांचे पहिले धडे दिले. त्या शास्त्रज्ञाचे नाव मायकेल फॅरडे.

विजेचे जनित्र, रोहित्र आणि मोटार या तिन्हींच्या मुळाशी फॅरडे यांचे प्रयोग आहेत. एवढ्या एका कारणासाठीही जगाने त्यांचे ऋण मानावे. परंतु शाळेच्या या स्मरणिकेत त्यांचे स्मरण करण्यास आणखी एक कारण आहे. फॅरडे यांना धड शालेय शिक्षण मिळाले नव्हते. नवशिक्यांसाठी लिहिलेल्या एका साध्या पुस्तकाने त्यांना विज्ञानाच्या दारापर्यंत आणले, आणि पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही नवशिक्या मुलांना शिकवणे हे काम त्यांनी कमी प्रतीचे मानले नाही. विज्ञानाचे पहिले पाऊल कसे टाकावे, ते टाकताना कोणाचा हात लागतो, आणि एखादे पाऊल राहून गेले तर आयुष्यभर काय उणे राहते, हे सारे त्यांच्या चरित्रात पाहावयास मिळते.

लोहाराचे घर

मायकेल यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेस असलेल्या न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील जेम्स फॅरडे हे लोहार. उत्तर इंग्लंडमधून ते पोटासाठी राजधानीत आले होते. त्यांची प्रकृती नेहमी नादुरुस्त असे. भात्यापुढे पूर्ण दिवस काम करणे त्यांना जमत नसे, आणि ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी मजुरीही नाही. आई मार्गारेट यांनी चार मुलांचा संसार मोठ्या जिद्दीने ओढला. १८०१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये धान्याचे भाव कडाडले, तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या मायकेलच्या वाट्याला आठवडाभरासाठी एक पाव येई आणि तो त्यालाच पुरवून पुरवून खावा लागे.

शाळेत तो थोडेफार वाचन, लेखन आणि अंकगणित शिकला. शिक्षणाची ही शिदोरी एवढीच. शाळेतील एक प्रसंग त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवला आहे. लहानग्या मायकेलला ‘र’चा उच्चार नीट येत नसे. रॉबर्ट या आपल्या थोरल्या भावाचे नावही त्याला स्पष्ट म्हणता येत नसे. शिक्षिकेने यावर चिडून रॉबर्टलाच पैसे दिले आणि मायकेलला मारण्यासाठी छडी विकत आणावयास सांगितले. रॉबर्टने ते नाणे भिंतीपलीकडे भिरकावून दिले व घरी जाऊन आईला सारी हकिगत सांगितली. आईने दोन्ही मुलांना त्या शाळेतून काढून घेतले. बोबडे बोलणारे हेच मूल पुढे इंग्लंडमधील सर्वोत्तम विज्ञानव्याख्याता म्हणून ओळखले गेले, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुस्तकबांधणीच्या दुकानातील शाळा

१८०४ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, मायकेल कामाला लागला. ब्लँडफोर्ड स्ट्रीटवर जॉर्ज रिबो नावाच्या फ्रेंच गृहस्थांचे पुस्तकविक्रीचे व बांधणीचे दुकान होते. तेथे वर्तमानपत्रे घरोघर पोहोचवण्याचे काम त्याला मिळाले. पुढच्या वर्षी रिबो यांनी त्याला सात वर्षांच्या कराराने शिकाऊ उमेदवार म्हणून ठेवून घेतले. त्या काळी धंदा शिकण्यासाठी मालकाला मोठी रक्कम द्यावी लागे. मुलाची चिकाटी पाहून रिबो यांनी ती घेतली नाही.

बांधणीसाठी आलेली पुस्तके फॅरडे रात्री वाचून काढत. रिबो यांनी त्याला कधी मज्जाव केला नाही. उलट दुकानात येणाऱ्या जाणकार ग्राहकांना ते या मुलाचे कौतुकाने सांगत. ब्रिटानिका विश्वकोशातील विजेवरचा लेख असाच बांधणीच्या निमित्ताने हाती आला. वाचलेले खरे की खोटे हे पाहण्यासाठी फॅरडे यांनी साठवलेल्या चिल्लर पैशांतून काचेच्या बाटल्या व किरकोळ साहित्य आणले आणि घर्षणाने वीज निर्माण करणारे एक लहानसे यंत्र स्वतः तयार केले.

परंतु त्यांना खऱ्या अर्थाने विज्ञानाची वाट दाखवली ती जेन मार्सेट या लेखिकेच्या पुस्तकाने. १८०६ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात एक शिक्षिका आणि दोन मुली यांच्या संवादांतून रसायनशास्त्र समजावले आहे. मुली प्रश्न विचारतात, चुकतात, शंका काढतात. शिक्षिका प्रयोग करून उत्तर देते. या पुस्तकाचा जन्मही शिकण्यासारखा आहे. मार्सेट यांनी रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत हम्फ्री डेव्ही या नामांकित रसायनशास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकली होती. पहिल्या ऐकण्यात त्यांना ती नीट उमगली नाहीत. एका जाणत्या स्नेह्याशी बोलत, प्रयोग पुन्हा पाहत त्या विषय शिकल्या आणि मग आपल्यासारख्याच अडखळणाऱ्या वाचकांसाठी त्यांनी संवादरूपाने पुस्तक लिहिले. आपल्याला काय समजले नव्हते हे त्यांना आठवत होते, म्हणूनच त्यांना समजावता आले.

फॅरडे यांनी या पुस्तकातील विधाने आपल्या तुटपुंज्या साधनांनी जमतील तेवढी पडताळून पाहिली. ती खरी ठरली, तेव्हा पायाखाली पक्की जमीन लागल्यासारखे त्यांना वाटले. पुढे कीर्ती मिळाल्यावर ते आपले शोधनिबंध कृतज्ञता म्हणून मार्सेट यांच्याकडे पाठवत आणि त्यांना आपली पहिली गुरू मानत. डेव्ही यांच्या व्याख्यानांतून मार्सेट शिकल्या, मार्सेट यांच्या पुस्तकातून फॅरडे शिकले, आणि लवकरच हाच धागा त्यांना पुन्हा डेव्ही यांच्यापर्यंत घेऊन जाणार होता.

एक शिलिंग आणि चार तिकिटे

१८१० साली फॅरडे यांना रस्त्यावर एक जाहिरात दिसली. जॉन टेटम नावाचे गृहस्थ आपल्या घरी सायंकाळी विज्ञानावर व्याख्याने देत. प्रत्येक व्याख्यानास एक शिलिंग शुल्क होते. शिकाऊ उमेदवाराजवळ एवढे पैसे कोठून असणार? वडिलांची लोहारकी पुढे चालवणाऱ्या रॉबर्टने ते दिले. ज्या भावाने लहानपणी छडीचे नाणे फेकून दिले होते, त्यानेच आता भट्टीपुढे घाम गाळून मिळवलेले नाणे शिक्षणासाठी पुढे केले.

टेटम यांच्याकडे फॅरडे यांनी बारा-तेरा व्याख्याने ऐकली. ऐकलेले ते टिपून घेत, घरी येऊन सविस्तर लिहीत, उपकरणांच्या आकृत्या काढत. आकृत्या नीट याव्यात म्हणून रिबो यांच्या घरी राहणाऱ्या एका फ्रेंच चित्रकाराकडून ते रेखाटन शिकले आणि त्याची परतफेड म्हणून त्या चित्रकाराचे बूट पुसणे, खोली झाडणे अशी कामे त्यांनी केली. टेटम यांच्या घरी जमणाऱ्या तरुणांचे एक मंडळ होते. त्यातील काही मित्रांनी त्यांना शुद्ध लिहिण्यास, नेमके बोलण्यास मदत केली.

१८१२ साली दुकानाचे एक ग्राहक विल्यम डान्स यांनी त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशनमधील डेव्ही यांच्या अखेरच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडे यांनी नेहमीप्रमाणे टिपणे घेतली, ती विस्ताराने लिहून काढली, आकृत्या जोडल्या आणि सुमारे तीनशे पानांचा ग्रंथ आपल्याच हातांनी बांधला. त्याआधी त्यांनी रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र पाठवून विज्ञानक्षेत्रात हलक्यातले हलके काम मागितले होते. त्याला उत्तर आले नव्हते. आता तो ग्रंथ त्यांनी डेव्ही यांना पाठवला.

डेव्ही यांनी त्यांना भेटीस बोलावले, परंतु सल्ला दिला तो पुस्तकबांधणीच सांभाळण्याचा. काही आठवड्यांनी प्रयोगशाळेतील साहाय्यकाला भांडण केल्यामुळे काढून टाकण्यात आले. त्या जागी १ मार्च १८१३ रोजी फॅरडे यांची नेमणूक झाली. आठवड्याला २५ शिलिंग पगार, राहण्यास इमारतीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, शिवाय जळण आणि मेणबत्त्या. मेणबत्ती ही अशा रीतीने त्यांच्या वेतनाचाच भाग होती.

फॅरडे यांची बुद्धी आणि मेहनत तर असामान्य होतीच. परंतु रिबो यांनी शुल्क घेतले असते, रॉबर्टने शिलिंग दिला नसता, डान्स यांनी तिकिटे दिली नसती, मार्सेट यांनी पुस्तक लिहिले नसते, तर काय झाले असते? लंडनच्या गल्ल्यांतून त्या काळी अशी किती मुले हातात पेपरांचा गठ्ठा घेऊन फिरत होती! त्यांच्यातील बहुतेकांची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत. गरिबीने फॅरडे घडवले असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. गरिबीने त्यांची वाट अडवली. चार-पाच माणसांनी ती थोडी थोडी मोकळी केली.

अपमान आणि अभ्यास

ऑक्टोबर १८१३ मध्ये डेव्ही दांपत्य युरोपच्या दौऱ्यावर निघाले. साहाय्यक म्हणून फॅरडे बरोबर होते. डेव्ही यांच्या खासगी नोकराने ऐन वेळी येण्यास नकार दिला आणि दुसरा माणूस मिळेपर्यंत कपडे-सामानाची व्यवस्थाही फॅरडे यांच्यावर आली. दुसरा माणूस मिळालाच नाही. लेडी डेव्ही त्यांना घरगड्यासारखे वागवत; जेवणाच्या वेळी त्यांची जागा नोकरांच्या पंगतीत असे. विज्ञान सोडून सरळ इंग्लंडला परतावे, असेही त्यांच्या मनात येऊन गेले.

ते परतले नाहीत, कारण शिकण्याची ही संधी पुन्हा येणार नव्हती. मिलान येथे विद्युतघटाचा शोध लावणाऱ्या व्होल्टा यांना त्यांनी पाहिले. फ्लॉरेन्स येथे १८१४ साली एक विलक्षण प्रयोग त्यांच्यासमोर झाला. तेथील ड्यूकच्या संग्रही असलेल्या मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून, प्राणवायूने भरलेल्या काचगोलात ठेवलेला हिरा जाळण्यात आला. जळून उरला तो केवळ कार्बन डायऑक्साइड वायू. राजमुकुटातील हिरा आणि चुलीतील कोळसा ही एकाच मूलद्रव्याची दोन रूपे आहेत, हे त्यावरून दिसून आले. ज्या माणसाला रोज खालच्या पंगतीत बसवले जात होते, त्याने हा प्रयोग पाहिला. वस्तूचा कस तिच्या प्रतिष्ठेवरून ठरत नाही, परीक्षेवरून ठरतो, हा धडा त्याच्या डोळ्यांसमोर होता.

१८१५ मध्ये ते लंडनला परतले आणि पुन्हा प्रयोगशाळेत रुजू झाले. १८२१ साली सारा बर्नार्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी विद्युतप्रवाह वाहणारी तार चुंबकाभोवती सतत फिरत राहते हे त्यांनी दाखवले. विद्युत मोटारीची ही पहिली पायरी. १८२५ साली त्यांनी बेन्झीन हे संयुग वेगळे केले व त्याच वर्षी ते प्रयोगशाळेचे संचालक झाले. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी सुमारे सहा इंच व्यासाच्या एका लोखंडी कड्यावर तारांची दोन वेगवेगळी वेटोळी गुंडाळून प्रयोग केला. एका वेटोळ्याला विद्युतघट जोडताच दुसऱ्या वेटोळ्याजवळची सुई हलली आणि पुन्हा स्थिरावली. घट काढताच ती पुन्हा हलली. प्रवाह स्थिर असताना काहीच होत नव्हते. चुंबकीय परिणामात बदल होतो तेव्हाच दुसऱ्या तारेत वीज निर्माण होते, हे रहस्य त्या हलत्या सुईने सांगितले. आपल्या शाळेत येणारी वीज ज्या रोहित्रातून येते, त्याचे मूळ रूप म्हणजे हे कडे होय.

या साऱ्या प्रयोगांची ते रोज नोंद ठेवत. यशस्वी प्रयोगाइतकीच फसलेल्या प्रयोगाचीही नोंद होई. त्यांच्या प्रयोगवहीत सोळा हजारांहून अधिक क्रमांकित परिच्छेद आहेत. बांधणीच्या दुकानात लागलेली टिपणांची सवय त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

मेणबत्तीची सहा व्याख्याने

१८२५ च्या सुमारास रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्यानमाला सुरू झाली. १८२७ पासून १८६१ च्या आरंभापर्यंत फॅरडे यांनी अशा १९ मालिका दिल्या. त्यांतील सर्वांत गाजलेली मालिका मेणबत्तीवरची. ती त्यांनी १८४८ साली दिली आणि १८६०-६१ च्या हिवाळ्यात, आपल्या अखेरच्या मालिकेसाठी, तोच विषय पुन्हा निवडला. विषय एक, व्याख्याने सहा.

मेणबत्ती का निवडली? कारण ती प्रत्येक घरात होती. मुलाला अपरिचित उपकरणापासून सुरुवात करून दिली तर त्याचे निम्मे लक्ष त्या उपकरणातच अडकते. ओळखीच्या वस्तूपासून सुरुवात केली म्हणजे अनोळखी काय आहे ते त्याला चटकन कळते.

पहिल्यांदा ते मुलांना केवळ पाहावयास लावत. ज्योतीखाली मेणाची एक छोटी वाटी तयार होते, ती का? ज्योतीच्या उष्णतेने हवा वर जाते, बाजूची थंड हवा मेणबत्तीच्या कडेने वर चढते आणि ती कड थंड ठेवते. म्हणून मध्यभाग वितळतो व काठ घट्ट राहतो. वितळलेले मेण वातीतून वर कसे चढते? टॉवेलचे एक टोक पाण्यात पडले तर पाणी जसे वर चढते, तसे. मग जळते ते नेमके काय? मेणबत्ती हलकेच विझवली की पांढरट धुराची एक रेघ वर जाते. त्या रेघेला वातीपासून दोन-तीन इंच अंतरावर पेटती काडी लावली तर ज्योत रेघेवरून खाली धावते आणि मेणबत्ती पुन्हा पेटते. म्हणजे ती रेघ मेणाच्या वाफेची असते, आणि ज्योतीत ही वाफच जळत असते.

पुढे ज्योतीचा उजेड. ज्योतीत थंड बशी धरली तर तिच्यावर काजळी धरते. काजळी म्हणजे कार्बनचे कण. हेच कण ज्योतीत तापून झळकतात, म्हणून ज्योत उजळ दिसते. त्यानंतर ज्योतीवर बर्फाने थंड केलेले भांडे धरून त्याच्या बुडाला जमणारे पाण्याचे थेंब ते दाखवत. आगीतून पाणी निघते, हे पाहून मुले थक्क होत. मेणातील हायड्रोजन हवेतील प्राणवायूशी संयोग पावतो आणि पाणी तयार होते. मेणबत्तीवर पालथी धरलेली बाटली चुन्याच्या निवळीने हलवली की निवळी दुधाळ होते. हा कार्बन डायऑक्साइड. मेण कोठे गेले, या प्रश्नाचे उत्तर येथे पूर्ण होते. ते नाहीसे झालेले नसते. पाण्याची वाफ आणि वायू या रूपांत ते हवेत गेलेले असते.

शेवटच्या व्याख्यानात ते नळीने चुन्याच्या निवळीत स्वतःचा श्वास सोडत. निवळी पुन्हा दुधाळ होई. मेणबत्ती जे करते तेच आपले शरीर करते. अन्नातील कार्बन श्वासातील प्राणवायूशी मिळतो, ऊब निर्माण होते आणि तोच वायू बाहेर पडतो. वनस्पती तो वायू घेऊन वाढतात. सर्व सजीव एकमेकांच्या आधाराने जगतात हे सत्य अशा रीतीने एका वातीपासून निघून मुलांपर्यंत पोहोचे.

येथे ते गणितही आणत. एक माणूस चोवीस तासांत सुमारे ७ औंस कार्बनचे अशा वायूत रूपांतर करतो, असा तेव्हाच्या मापनाचा आकडा त्यांनी मुलांना सांगितला. ७ औंस म्हणजे जवळजवळ २०० ग्रॅम. आपल्या वसतिगृहात १०० मुले असतील, तर २०० गुणिले १००, म्हणजे २० किलो कार्बन एका दिवसात. साधा गुणाकार आहे. परंतु आपण रोज किती अदृश्य द्रव्य हवेत सोडतो आणि त्याच्या विल्हेवाटीसाठी किती झाडे हवीत, याचा विचार त्या गुणाकारातून सुरू होतो. पाढे कशासाठी पाठ करावयाचे, हे मुलाला अशा उदाहरणातून कळते.

प्रत्येक व्याख्यानाची तयारी ते फार कसोशीने करत. बोलणे सुधारावे म्हणून त्यांनी वक्तृत्वशिक्षकाची शिकवणी लावली होती. बोलण्याचा वेग वाढला तर सावध करणारी चिठ्ठी ते समोर ठेववत. उपकरणे सांभाळण्यास चार्ल्स अँडरसन हे निवृत्त सैनिक साहाय्यक म्हणून असत. १८५५ च्या नाताळात राणी व्हिक्टोरियाचे दोन राजपुत्रही वडिलांसह श्रोत्यांत बसले होते.

या व्याख्यानांना शुल्क होते आणि सभागृहात येणारी मुले बहुतांशी सुखवस्तू घरांतील असत, हेही नमूद केले पाहिजे. पेपर टाकणाऱ्या तेरा वर्षांच्या मायकेलला आपल्याच या व्याख्यानाला बसता आले नसते. हे दार मोकळे केले ते छपाईने. विल्यम क्रुक्स यांनी व्याख्याने उतरवून घेऊन १८६१ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि अनेक भाषांत ती पोहोचली. लिथियम-आयन बॅटरीसाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे जपानी शास्त्रज्ञ अकिरा योशिनो यांना प्राथमिक शाळेत असताना त्यांच्या शिक्षिकेने हेच पुस्तक वाचावयास सुचवले होते. मार्सेट यांच्या पुस्तकाने फॅरडे यांना जे दिले, ते फॅरडे यांच्या पुस्तकाने असे पुढे दिले.

गणिताची उणीव

फॅरडे यांच्या चरित्राची एक बाजू गौरवाच्या भरात झाकली जाते. त्यांना उच्च गणित येत नव्हते. अंकगणितापुढे नेणारा शिक्षक त्यांना योग्य वयात भेटला नाही, आणि पुढे ती उणीव भरून निघाली नाही. समकालीन शास्त्रज्ञांचे समीकरणांनी भरलेले निबंध त्यांना वाचता येत नसत. या उणिवेवर त्यांनी आपल्या परीने मार्ग काढला. चुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस भुरभुरला की ज्या वक्र रेषा उमटतात, त्या रेषांच्या आधारे ते विचार करत. चुंबकाभोवतीच्या रिकाम्या जागेतही बळ भरलेले असते, ही क्षेत्राची कल्पना त्यांना अशी सुचली. परंतु समीकरणांची भाषा नसल्यामुळे अनेक विद्वानांनी तिच्याकडे दुर्लक्ष केले.

जेम्स क्लार्क मॅक्सवेल या तरुण गणितज्ञाने ती कल्पना गणितात मांडली, तेव्हा तिचे सामर्थ्य जगाला कळले. आजचे रेडिओ व मोबाइल त्याच गणिताच्या पायावर उभे आहेत. १८५७ साली वृद्धत्वाकडे झुकलेल्या फॅरडे यांनी मॅक्सवेल यांना पत्र लिहून विचारले की, गणितज्ञांना जे निष्कर्ष मिळतात ते त्यांना आमच्यासारख्यांसाठी साध्या भाषेतही लिहिता येणार नाहीत का? त्या पत्रात तक्रारीचा सूर नाही, पण एका थोर माणसाची बंद दाराबाहेर उभे असल्याची जाणीव त्यात आहे.

गणित कठीण वाटून सोडून देऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याने फॅरडे यांचे उदाहरण सबब म्हणून वापरू नये. त्यांनी गणित सोडले नव्हते; त्यांना ते मिळाले नव्हते. आणि शिक्षकांनीही हे विसरू नये की, अपूर्णांक, प्रमाण आणि बीजगणित यांचे पहिले धडे ज्या वर्गात कच्चे राहतात, त्या वर्गातील एखाद्या मुलाचे दार आपण नकळत अर्धे लावून घेत असतो.

पडताळून पाहणारे मन

फॅरडे आपल्या छोट्या ख्रिस्ती पंथाचे श्रद्धाळू अनुयायी होते आणि त्या पंथाचा साधेपणा त्यांच्या वागण्यात उतरला होता. परंतु अद्भुताच्या नावाने चाललेल्या भ्रमाला त्यांनी थारा दिला नाही. १८५३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये मृतात्म्यांच्या शक्तीने टेबल फिरते असा समज पसरला होता. फॅरडे यांनी लोकांची टवाळी केली नाही. त्यांनी टेबल आणि हात यांच्यामध्ये पुठ्ठ्यांचे सरकते थर ठेवून पाहिले. आधी हात सरकतात आणि मागाहून टेबल, हे त्यावरून उघड झाले. आपले हात ढकलत आहेत हे दाखवणारा काटा बसलेल्यांच्या नजरेसमोर ठेवला की टेबल फिरणे थांबे. लोक लबाडी करत नव्हते. ते स्वतःच फसत होते. ऐकीव गोष्ट स्वतः तपासल्यावाचून स्वीकारू नये, ही तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण आपल्या परिचयाची आहे. प्रयोगशाळेत तिचे आचरण कसे होते, याचे हे एक स्वच्छ उदाहरण.

१८६२ साली इंग्लंडमधील मोठ्या शाळांची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे फॅरडे यांची साक्ष झाली. तेथील अभ्यासक्रम ग्रीक व लॅटिन यांनीच भरलेला होता. निसर्गाचे ज्ञान शिक्षणातून वगळले जाते याबद्दल त्यांनी आश्चर्य व्यक्त केले, आणि नाताळच्या व्याख्यानांत आपल्याला कोणतेही मूल समजण्यास फार लहान आढळले नाही, असे अनुभवाने सांगितले.

मानसन्मान त्यांच्याकडे चालून आले. सरदारकी त्यांनी नाकारली. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद दोनदा नाकारले. उतारवयात स्मरणशक्ती त्यांना दगा देऊ लागली. ते ओळखून त्यांनी एकेक काम आपणहून खाली ठेवले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथील घरी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार अंत्यविधी साधेपणाने झाला आणि लंडनच्या हायगेट येथील दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली.

आपल्या शाळेतील अनेक मुलांच्या घरी पुस्तकांचे कपाट नाही. कोणाचे वडील ऊसतोडीला जातात, कोणाची आई दुसऱ्याच्या शेतात राबते. त्यांच्यातील एखाद्याच्या मनात आज कोणता प्रश्न आहे, हे आपल्याला ठाऊक नाही. म्हणून शिक्षकांनी रिबो व्हावे, मोठ्या मुलांनी धाकट्यांसाठी रॉबर्ट व्हावे, आणि ज्यांना एखादी गोष्ट कष्टाने समजली आहे त्यांनी ती इतरांना समजावून मार्सेट व्हावे. आज वंदना झाल्यावर मेणबत्ती विझवण्यापूर्वी क्षणभर तिच्याकडे नीट पाहावे, आणि जे दिसेल ते वहीत लिहून ठेवावे. उद्या विज्ञानाच्या तासाला गुरुजींसमवेत त्याच धुराच्या रेघेला काडी लावून पाहता येईल.